मुंबई वळणाची अक्षरे

आपल्या मंडळाच्या वाचनालयाची पाटी यंदा सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने नव्याने रंगविण्यात आली. रंगारी इथलाच, हिंदी पाट्या रंगविण्यात उभा जन्म घालविलेला. त्याचे अक्षर सुबक होते यात शंका नाही, परंतु आमचे एक वयोवृद्ध सभासद पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "‘वाचनालय’ यातला ल आपला नव्हे. आणि ‘शके’ यातला श देखील नव्हे." तरुण मंडळी हसली. लिपी एकच देवनागरी असता तीत आपले आणि परके कसले, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न वावगा नाही. त्याचे उत्तर शोधू गेल्यास मात्र दोनशे वर्षे मागे, आणि तेही महाराष्ट्रात नव्हे तर बंगालात जावे लागते.

मराठी ग्रंथ खिळ्यांनी छापण्याचा उद्योग प्रथम नेटाने चालला तो कलकत्त्यानजीकच्या श्रीरामपूर येथे. तंजावरास सरफोजी राजांनीही त्याच सुमारास देवनागरी छापखाना घातला होता. म्हणजे मराठी मुद्रणाची पहिली पावले दोन्ही दिशांनी महाराष्ट्राबाहेरच पडली, ही गोष्ट आपणां बृहन्महाराष्ट्रीयांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. विल्यम केरीचे मराठी व्याकरण श्रीरामपुरास १८०५ साली निघाले. त्याला साहाय्य होते वैद्यनाथ पंडितांचे. त्यातील मराठी शब्द देवनागरीत आहेत; मोडीचे खिळे मागाहून तयार झाले आणि १८१० चा कोश त्यांत छापला गेला. हे खिळे पाडण्याची विद्या तेथे रुजविली ती पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने. १७७८ साली हालहेडचे बंगाली व्याकरण छापले गेले, तेव्हा चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली त्याने ती आत्मसात केली होती. पोलादाच्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे, ते तांब्यावर ठोकून साचा घ्यावयाचा आणि त्या साच्यात शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतून खिळा काढावयाचा, असा हा खटाटोप. पंचाननाच्या पश्चात त्याचा जावई मनोहर याने तो पुढे चालविला. ११ मार्च १८१२ रोजी श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागद जळाला, खिळे वितळले, परंतु पोलादी ठसे वाचले. वितळलेल्या धातूचेच पुन्हा खिळे ओतून थोड्याच अवधीत काम सुरू झाले.

छापील अक्षराचे वळण ठरते ते मुख्यतः या पोलादी ठशावरून; आणि ठसा कोरणारा ज्याच्या हस्ताक्षराकडे पाहून कोरतो, त्याच्या बोरूवरून. कलकत्त्याच्या ठशांपुढे उत्तरेकडील लेखकांचा हात होता. म्हणून त्या खिळ्यांतील अ, झ, ण, ल, श ही अक्षरे मराठी पोथ्यांतील अक्षरांहून निराळी दिसतात. त्यातला अ आजच्या वाचकाला एकदम ओळखूही येणार नाही. ण तर ‘रा’चा भास व्हावा असा. छापखान्यांत पुढे ‘कलकत्ता वळण’ आणि ‘मुंबई वळण’ अशी दोन नावेच रूढ झाली.

मुंबई वळण घडविणारी माणसे पंडित नव्हती. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम हा खिळे पाडण्याच्या कामात निष्णात होता. त्या छापखान्यातून जी माणसे तयार झाली त्यांत गणपत कृष्णाजी प्रमुख. त्यांनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग काढले आणि पुढे स्वतःच्या खटपटीने खिळेही पाडले. छापील कागदाला हात लावल्यास विटाळ होतो, शाईत चरबी असते, अशी तेव्हा लोकांची समजूत होती. त्यावर तोड म्हणून धर्मग्रंथांसाठी ते तुपाची शाई करीत, असे सांगतात. माडगावकरांच्या १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकात या गृहस्थांची वाखाणणी आहे, आणि ती अस्थानी नाही.

परंतु मुंबई वळणाला खरे सौष्ठव दिले ते जावजी दादाजी चौधरी यांनी. जन्म १८३९ चा. घरची गरिबी, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेले. बालवयातच मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर ते लागले. ओतलेल्या खिळ्याच्या कडा घासून तो बिनचूक करावयाचा, असे हे काम. एका केसाएवढी कड राहिली तरी ओळ वाकडी होते. ज्या डोळ्यांनी लहानपणी लाखो अक्षरे अशी न्याहाळली, त्यांना पुढे वाईट अक्षर सहन होईना यात नवल काय? १८६४ त त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्री घातली आणि १८६९ त निर्णयसागर छापखाना. पंचांगाच्या ‘निर्णयसागर’ या नावावरूनच छापखान्याचे नाव पडले. ठसे कोरण्यात त्यांचे सहकारी होते स्नेही राणोजी रावजी आरू. जावजींचे नाव सर्वतोमुखी झाले. आरूंचे नाव मुद्रणाच्या अभ्यासकांपलीकडे फारसे कोणी घेत नाही. वास्तविक पाहता आपण ज्या अक्षरांना देखणी म्हणतो, त्यांच्या कडा व गोलाई या माणसाच्या हातच्या आहेत.

निर्णयसागरचे जुने पुस्तक हाती असल्यास ते उघडून पाहावे. शिरोरेषा अखंड, वेलांटीची कमान अक्षरावर अलगद उतरलेली, उकार अक्षराखाली नीट बसलेला. हे सहज साधलेले नाही. अक्षर, त्यावरील मात्रा आणि त्याखालील उकार हे सुटे खिळे तीन थरांत जुळविण्याची जी रीत होती, तीत जुळाऱ्याचा हात थोडा ढिला पडला की मात्रा डळमळे व रेषा तुटे. उलट मात्रेसह अखंड अक्षर ओतावे तर खिळ्यांचे प्रकार कित्येक शेकड्यांवर जात आणि जुळाऱ्याला एका जागी बसून काम करणे अशक्य होई. रोमन लिपीच्या छापखान्यास ही अडचण ठाऊकच नाही.

१८८६ पासून ‘काव्यमाला’तून संस्कृत ग्रंथ निघू लागले आणि मुंबईचे अक्षर देशभरच्या पाठशाळांत पोहोचले. याच मुंबईत १८७१ मध्ये चुरूहून आलेल्या खेमराज श्रीकृष्णदास बंधूंनी श्रीवेंकटेश्वर छापखाना घातला. त्यांच्या हिंदी व संस्कृत पोथ्या उत्तरेत दूरवर गेल्या. मुंबई वळण उत्तरेच्या डोळ्यांना सवयीचे झाले ते कोणा समितीच्या ठरावाने नव्हे, तर बव्हंशी अशा पोथ्यांनी, असे माझे मत आहे.

समित्या नंतर आल्या. १९५३ साली लखनौस लिपिसुधार परिषद भरली. ‘ख’चा ‘रव’ होऊ नये म्हणून त्याचे दोन भाग खाली जोडावे, असेही तेथे ठरले. ती सूचना टिकली. ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे न्यावी ही सूचना मात्र लोकांनी मानली नाही, आणि बरे झाले. पुढे १९६६ मध्ये केंद्रीय हिंदी निदेशालयाने प्रमाण वर्णमाला जाहीर केली. तीत अ, झ, ण मुंबई वळणाचे स्वीकारले गेले आणि ल, श उत्तरेच्या वळणाचे. देवघेव म्हणून यात अन्याय झाला असे म्हणवत नाही. पाचांतली तीन अक्षरे मराठी कारागिरांचीच राहिली. तथापि जी दोन गेली ती घरची होती. ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने महाराष्ट्र शासनाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हेच मराठीसाठी विहित केले.

तोवर शिशाचे खिळे इतिहासजमा होऊन अक्षर संगणकात गेले होते. तेथेही मराठी माणूस आहेच. र. कृ. जोशी हे जाहिरात व्यवसायातले नामांकित कलावंत व कवी; मुंबईच्या आय.आय.टी.त त्यांनी अक्षररचना शिकविली. संगणकावर सर्वत्र दिसणारा ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचा. दिवंगत पत्नीचे नाव त्यांनी त्यास दिले. जोशी २००८ साली निवर्तले. मराठी माणसाने काढलेल्या, मराठी स्त्रीचे नाव धारण करणाऱ्या या टंकातील ल व श मात्र प्रमाण वर्णमालेनुसार उत्तरेकडचेच आहेत! अलीकडच्या काही टंकांत दोन्ही रूपे असतात. मजकूर मराठीचा आहे असे संगणकास सांगितले, तर पाकळीचा ल उमटतो. सांगण्याचे कष्ट बहुधा कोणी घेत नाही. आपल्या मराठी वर्गातील मुले शाळेत एक ल शिकतात आणि आजीच्या पत्रात दुसरा पाहतात. "आजी ल चुकीचा काढते," असे त्यातील एकीने मला सांगितले, तेव्हा हा लेख लिहावा असे प्रथम वाटले.

छापखान्यांनी अक्षर सांभाळले तसेच ते चित्रकारांनीही खेळविले. २०२० साली दिवंगत झालेल्या कमल शेडगे यांनी नाटकांची शीर्षके रेखाटली, तेव्हा नाटकाचा स्वभाव अक्षरांतच दिसू लागला. मुंबईहून आलेल्या नाटकाची जाहिरात आपल्या सूचनाफलकावर लागत असे, तेव्हा नाव वाचण्यापूर्वीच ते नाटक गंभीर की फार्सिकल हे कळत असे.

पाटीचे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. रंगाऱ्याने नमुना मागितला. वाचनालयाच्या कपाटातून निर्णयसागरचे एक जीर्ण पुस्तक काढून त्याच्यापुढे ठेवले. त्याने त्यातील ल वर दोनतीनदा बोट फिरविले, खडूने फळीवर गिरवून पाहिला, आणि "हा तर फुलासारखा आहे," असे हिंदीत म्हणून डबा उघडला. नवा ल शेजारच्या अक्षरांहून थोडा मोठा झाला आहे. आम्ही तो तसाच ठेवला.