दात्यांचा हिशेब : पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातील जुनी मोटारसायकल आणि स्प्रॉकेट-बदल

प्रस्तावना

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास प्रामुख्याने कारखाने, भांडवल आणि कामगार यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. कारखान्याबाहेर पडलेल्या वाहनाचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहिला. प्रस्तुत लेखात जुन्या, लहान मोटारसायकलीच्या स्प्रॉकेटमधील बदलाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

स्कूटरकडून मोटारसायकलीकडे

बजाज ऑटोने आकुर्डी येथे १९६० च्या दशकात पियाजिओच्या सहकार्याने वेस्पा स्कूटर तयार केली. हे सहकार्य १९७१ मध्ये संपले व १९७२ मध्ये 'चेतक' आली. वेस्पाचे रचनाकार कोरादिनो दास्कानिओ यांनी १९४६ च्या मूळ रचनेतच, चालकाचे कपडे मळू नयेत म्हणून, चेन टाळली होती. गिअरची चक्रे मागील चाक थेट फिरवीत. परिणामी ओढ व वेग यांचे गुणोत्तर कारखान्यातच निश्चित होऊन पेटीबंद होई.

१९८६ मध्ये कावासाकीच्या तांत्रिक सहकार्याने 'केबी १००', तर १९९१ मध्ये फोर-स्ट्रोक '४एस चॅम्पियन' बाजारात आली. १९९९ मध्ये चाकणचा कारखाना सुरू झाला. मोटारसायकलीबरोबर चेन व दोन स्प्रॉकेट आले, आणि शेवटचे गुणोत्तर गॅरेजच्या आवाक्यात आले.

दात्यांचे गणित

उदाहरणादाखल पुढील स्प्रॉकेटला १४ व मागील स्प्रॉकेटला ४२ दाते आहेत असे मानू. गुणोत्तर ३.०० येते. पुढचा एक दाता कमी केल्यास ते ३.२३ होते, चाकाला मिळणारी ओढ सुमारे ८ टक्क्यांनी वाढते, परंतु इंजिनाच्या त्याच फेऱ्यांना वेग सुमारे ७ टक्क्यांनी घटतो. हाच परिणाम मागील बाजूने साधायचा तर तीन दाते वाढवावे लागतात. मागे दाते वाढले की बहुधा चेनही लांब घ्यावी लागते. म्हणून पुढचे स्प्रॉकेट बदलणे स्वस्त पडते. मात्र लहान स्प्रॉकेटवर चेन अधिक वाकते व लवकर झिजते. इंजिनाला अधिक फेऱ्या माराव्या लागल्याने सपाट रस्त्यावर पेट्रोलचा खर्चही वाढतो.

खेड घाटाचा चढ किंवा मागे दोघांचे ओझे असणाऱ्यास एक दाता कमी सोयीचा. पुणे-नाशिक रस्त्यावर रोज एकट्याने दूर जाणाऱ्यास एक दाता अधिक फायद्याचा. रस्ता, ओझे आणि खिसा यांचा हा हिशेब कंपनीच्या पुस्तिकेत मिळत नाही. तो गाडीवर मिळतो.

साधनाचे मूल्य

आज जुन्या गाड्या 'ओरिजिनल' करण्याकडे कल आहे. त्यात मालकाने बदललेले स्प्रॉकेट चूक समजून भंगारात जाते, आणि त्याबरोबर वापराचा पुरावाही. असे स्प्रॉकेट काढण्यापूर्वी दाते मोजावेत, मालकाने ते का बदलले हे विचारावे व दोन्हींची नोंद ठेवावी. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे काम अल्प खर्चात करता येण्यासारखे आहे.

समारोप

२०२० मध्ये 'चेतक' विजेवर चालणारी स्कूटर म्हणून परतली. तिच्यात पुन्हा चेन नाही. गुणोत्तर पुन्हा कारखान्यात निश्चित होते. दोन पेटीबंद यंत्रांमधील काळात सामान्य वापरकर्त्याने यंत्ररचनेत घातलेली भर या दात्यांत शिल्लक आहे. या पट्ट्याच्या इतिहासात निर्मात्यांइतकेच तिलाही स्थान मिळावे.