दोष जोडीचा की धुरकऱ्याचा? महिंद्रा रेसिंगच्या चालक-निवडीचे अकरा मोसम

१/ चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत शंकरपट म्हणजे केवळ बैलांची शर्यत नव्हे. दिवसा पट आणि रात्री नाटक, असा तो गावाचा उत्सव असतो. जोडी मागे पडली की वाद ठरलेला: दोष बैलांचा की हाकणाऱ्या धुरकऱ्याचा? विजेच्या मोटारींच्या जागतिक शर्यतीत मुंबईच्या एका कंपनीपुढे हाच प्रश्न वारंवार उभा राहिला. त्याचा हा इतिहास.

२/ ती कंपनी म्हणजे महिंद्रा. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी स्थापन झालेली, पुढे जीप आणि ट्रॅक्टरमुळे भारतभर पोचलेली. शर्यतीच्या मैदानात ती प्रथम उतरली २०११ मध्ये, तीही दुचाकींच्या १२५ सीसी गटात. पुढच्याच वर्षी त्या गटाची जागा मोटो-३ ने घेतली.

३/ मोटो-३ मधील महिंद्राचा पहिला विजय २६ जून २०१६ रोजी नेदरलँड्समधील ॲसेन येथे झाला. स्वार होता फ्रान्चेस्को बान्याया. २०१७ च्या अखेरीस महिंद्राने ही स्पर्धा सोडली. बान्याया मात्र २०२२ आणि २०२३ मध्ये डुकाटीवर मोटोजीपीचा विश्वविजेता झाला. गुणी माणूस हाताशी होता, पण त्याचे शिखर दुसऱ्याच्या वाहनावर गाठले गेले. हा धागा लक्षात ठेवावा.

४/ १३ सप्टेंबर २०१४ रोजी बीजिंगमध्ये फॉर्म्युला ई ची पहिली शर्यत झाली. महिंद्राने निवडले चेन्नईचा करुण चंढोक आणि आयर्टन सेनाचा भाचा ब्रुनो सेना. दोघांनाही फॉर्म्युला वनचा अनुभव होता. एका नावामागे देश होता, दुसऱ्यामागे घराणे. त्या मोसमात सर्व संघांना एकसारखीच मोटार होती. तरीही महिंद्रा १० संघांत ८ वा आला.

५/ दुसऱ्या मोसमापासून संघांना स्वतःची विद्युत यंत्रणा वापरण्याची मुभा मिळाली. आता मोटार नुसती पळवणारा नव्हे, तर तिचे दुखणे अभियंत्यांना नेमके सांगणारा चालक हवा होता. निवड झाली जर्मनीच्या निक हाइडफेल्डची. फॉर्म्युला वनमध्ये एकही विजय नसताना तो १३ वेळा पहिल्या तिघांत आला होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये बीजिंगला तिसरा येऊन त्याने महिंद्राला पहिला पोडियम मिळवून दिला.

६/ तिसऱ्या मोसमात त्याच्या जोडीला आला स्वीडनचा फेलिक्स रोझेनक्विस्ट, २०१५ चा युरोपीय फॉर्म्युला थ्री विजेता. १० जून २०१७ रोजी बर्लिनमध्ये २५ वर्षांचा रोझेनक्विस्ट पहिला आला आणि ४० वर्षांचा हाइडफेल्ड तिसरा. फॉर्म्युला ई मधील महिंद्राचा हा पहिला विजय. मोसमाअखेर संघ तिसऱ्या स्थानी होता. एकाने मोटार घडवायची आणि दुसऱ्याने ती ताणायची, ही विभागणी फळाला आली.

७/ पाचव्या मोसमासाठी नवी जोडी आली: जेरोम डॅम्ब्रोझिओ आणि पास्कल वेरलाइन. डॅम्ब्रोझिओने जानेवारी २०१९ मध्ये माराकेश जिंकले. पुढच्याच महिन्यात मेक्सिको सिटीत वेरलाइन आघाडीवर होता. अंतिम रेषा काही मीटरवर असताना त्याच्या मोटारीतील ऊर्जा संपली आणि लुकास दी ग्रासीने अगदी रेषेवर त्याला मागे टाकले.

८/ पुढचा मोसम घसरणीचा ठरला. जून २०२० मध्ये, मोसम अर्धवट असतानाच वेरलाइनने संघ सोडला. त्याच्या जागी ॲलेक्स लिन आला. जुलै २०२१ मध्ये लिनने लंडनची शर्यत जिंकली, तरीही पुढच्या मोसमात त्याच्या जागी ऑलिव्हर रोलंड आला. अडचणीतील संघात विजयही जागेची हमी देत नाही.

९/ २०२३ मध्ये मोटारींची तिसरी पिढी आली. आता महिंद्राकडे रोलंडसोबत होता मेक्सिकोत वेरलाइनला मागे टाकणारा तोच दी ग्रासी. जानेवारीत त्याच मेक्सिकोत दी ग्रासीने पोल पोझिशन घेतली आणि तो तिसरा आला. आशा पालवली. ११ फेब्रुवारीला हैदराबादमध्ये भारतातील पहिली फॉर्म्युला ई शर्यत झाली. दोनच आठवड्यांनी केप टाउनमध्ये मागील सस्पेन्शनच्या सुरक्षिततेची शंका आल्याने महिंद्राला दोन्ही मोटारी मागे घ्याव्या लागल्या.

१०/ मे महिन्यात रोलंड संघ सोडून गेला. मुंबईचा जेहान दारूवाला तेव्हा महिंद्राचा राखीव चालक होता. त्याच वर्षी तो फॉर्म्युला टू मध्येही उतरत होता. रिकामी जागा मिळाली स्पेनच्या रोबेर्तो मेर्हीला. दारूवाला पुढच्या मोसमात फॉर्म्युला ई मध्ये आला, पण मासेरातीच्या मोटारीतून. चंढोकनंतर २०२५ पर्यंत महिंद्राच्या मोटारीतून एकही भारतीय या स्पर्धेत उतरला नाही.

११/ तो मोसम महिंद्राने ११ संघांत १० व्या स्थानी संपवला. येथे एक नियम समजून घ्यायला हवा. संघाची विद्युत यंत्रणा एकदा मान्य झाली की ती दोन मोसमांसाठी बांधील असते. म्हणजे २०२३ च्या शरद ऋतूत चालक निवडताना संघप्रमुख फ्रेडरिक बर्ट्रांड यांच्यापुढे चित्र स्पष्ट होते: पुढचे वर्षही याच दुबळ्या यंत्रणेवर काढायचे आहे.

१२/ त्यांनी निवडले निक द व्रीस आणि एदोआर्दो मोर्तारा यांना. २०२०-२१ च्या विश्वविजेतेपदाच्या चढाओढीत हेच दोघे पहिले आणि दुसरे होते, आणि त्यांच्यात अंतर होते अवघ्या ७ गुणांचे. मात्र द व्रीसला फॉर्म्युला वनच्या संघाने नुकतेच १० शर्यतींनंतर दूर केले होते. संघाला उभारी हवी होती आणि चालकालाही. पहिल्या वर्षी यश तुटपुंजेच मिळाले, तरी जोडी बदलली गेली नाही.

१३/ २०२४-२५ मध्ये नवी यंत्रणा आली. चालक तेच दोघे, आणि महिंद्रा थेट चौथ्या स्थानी. माणसे बदलली नव्हती. बदलली होती मोटार, आणि तिच्या घडणीच्या काळात तीच माणसे संघात टिकून होती.

१४/ आता तो धागा पुन्हा हाती घेऊ. महिंद्रातून गेलेला वेरलाइन २०२४ मध्ये पोर्शकडून विश्वविजेता झाला. रोलंड २०२५ मध्ये निस्सानकडून. दुचाकीवरील बान्याया धरला तर असे तिघे होतात. महिंद्राची माणसांची पारख खोटी नव्हती. त्या माणसांना पुरेल अशी मोटार वेळेवर मिळाली नाही.

१५/ म्हणून ‘त्यांना जाऊ दिले ही घोडचूक’ असा निकाल देणे सोपे असले, तरी तो इतिहासाचा न्याय नव्हे. त्या त्या दिवशी निर्णय घेणाऱ्यापुढे काय होते, हे आधी पाहावे लागते. महिंद्राच्या या प्रवासात सर्वांत फळलेली निवड सर्वांत वेगवान चालकाची नव्हती. ती होती पडत्या काळात थांबून मोटार घडवणाऱ्यांची. जोडी की धुरकरी, या वादाचे उत्तर पटाच्या दिवशी मिळत नाही. ते वर्षभराच्या गोठ्यात असते.