नऊ सामने, नऊ विजय आणि एक ‘नाही’

आजची गोष्ट फुटबॉलची आहे, पण मेस्सीवाल्या फुटबॉलची नाही. डोक्यावर हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू काखेत मारून पळतात ना, त्या अमेरिकन फुटबॉलची. नियम नाही कळले तरी चालेल, मलाही अर्धेच कळतात. गोष्ट एका कॉलेज टीमच्या एका सीझनची आहे.

साल १९५१. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ, म्हणजे जेझुइट पाद्री चालवतात ते तसं छोटंसं कॉलेज. टीमचं नाव डॉन्स, कोच जो कुहॅरिक. टीममध्ये जीनो मार्केटी होता, दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला. बॉब सेंट क्लेअर होता. आणि दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते: ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर. मॅटसनचा जन्म टेक्ससचा, टोलर टेनेसीतल्या मेम्फिसचा. दोघंही अमेरिकेच्या दक्षिणेतले, जिथे तेव्हा गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या.

टीमची प्रसिद्धी सांभाळायला पंचविशीतला एक पोरगा होता, पीट रोझेल. हाच पुढे व्यावसायिक लीगचा, म्हणजे एनएफएलचा कमिशनर झाला आणि सुपर बोल त्याच्याच काळात सुरू झाला. पण ते नंतर.

आता सीझन बघा. पहिला सामना सॅन होजे स्टेटशी, ३९-२. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅमला हरवलं, ३२-२६. कॉलेज ऑफ पॅसिफिकला ४७-१४. शेवटी लोयोलाला २०-२. नऊ सामने, नऊ विजय. मॅटसनने १,५६६ यार्ड धावून २१ टचडाउन केले. त्या वर्षी धावण्यात देशात पहिला तोच.

आता थोडं गणित. तिकडे सीझन संपला की निवडक टीम्सना ‘बोल’ सामन्यांचं आमंत्रण येतं. हे सामने १ जानेवारीच्या आसपास होतात. गर्दी मोठी आणि कॉलेजला पैसा चांगला. डॉन्सचा फुटबॉल विभाग तोट्यात होता. एक बोल मिळाला असता तर श्वास घेता आला असता.

पण ऑरेंज बोल मायामीत, शुगर बोल न्यू ऑर्लिन्समध्ये. म्हणजे पुन्हा दक्षिण. तिथून निरोप आला, त्याचा अर्थ एवढाच: या, पण मॅटसन आणि टोलरला घरी ठेवून या.

कुहॅरिकने हे टीमला सांगितलं. टीमचं उत्तर एकच होतं. नाही. ऑरेंज बोलला जॉर्जिया टेक आणि बेलर गेले. डॉन्स घरी बसले.

काही जण म्हणतात, त्यांचं वेळापत्रकच कमकुवत होतं. त्यात तथ्य आहे. नऊपैकी दोन सामने तर सैनिकी तळांच्या टीम्सशी होते. देशाच्या क्रमवारीतही ते चौदावेच होते. पण वेळापत्रक कमकुवत असेल तर सरळ ‘येऊ नका’ म्हणतात. ‘दोघांना सोडून या’ म्हणत नाहीत.

आणि त्या ‘नाही’ची किंमत मोजावी लागली. त्या सीझननंतर विद्यापीठाने फुटबॉल बंद करून टाकलं. न हरलेली टीम, आणि पुढच्या वर्षी टीमच नाही!

ही गोष्ट मी का सांगतोय? बीटेकच्या तिसऱ्या वर्षी आमची पाच जणांची टीम एका स्पर्धेला बाहेरगावी जाणार होती. ओळखीतून एका घरी राहायची सोय झाली होती. नावं कळवली, आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला, “चौघांचीच सोय होईल.” पाचवा कोण, ते त्यांनीच सांगितलं. आडनाव वाचून. तोच म्हणाला, “तुम्ही जा रे, माझी सबमिशन्स आहेत.” आम्ही गेलो. तिसरा नंबर आला. फोटोत चौघं आहोत.

आम्हाला कुठलाही विभाग बंद पडायची भीती नव्हती. लॉजचे पैसे वाचत होते, एवढंच.

आता पुढचं ऐका. मॅटसन १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेला. ४०० मीटरमध्ये कांस्य आणि रिलेत रौप्य घेऊन आला. हो, हेलसिंकी तेच, जिथे आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवलं. मॅटसन, मार्केटी आणि सेंट क्लेअर, एकाच कॉलेज टीममधले तिघं पुढे प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये गेले.

टोलरचं मात्र नशीब आडवं आलं. १९५२ मध्येच कॉलेज ऑल-स्टार सामन्यात गुडघा गेला आणि व्यावसायिक खेळ सुरू होण्याआधीच संपला. तो शिक्षक झाला, मग सॅन फ्रान्सिस्कोत एका शाळेचा मुख्याध्यापक. आणि १९६५ मध्ये एनएफएलचा पहिला कृष्णवर्णीय पंच. ज्याला मैदानावर येऊ नको म्हणाले होते, तो पंचवीस सीझन त्याच खेळात शिट्टी वाजवत होता. १९८० च्या सुपर बोलमध्येसुद्धा.

२०१७ मध्ये विद्यापीठाने एका हॉस्टेलचं नाव बदललं. आधी ते जेम्स फेलन या राजकारण्याच्या नावाने होतं. ‘कॅलिफोर्निया गोऱ्यांचीच ठेवा’ म्हणत निवडणूक लढवलेला माणूस. आता ते टोलर हॉल आहे.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी आमच्या त्या पाचव्याला फोन केला. सात-आठ वर्षांनी विषय काढला. तो हसला आणि म्हणाला, “सबमिशन्स वगैरे काही नव्हतं रे. पण तुमच्यापैकी एकाने तरी ‘मग आपण लॉजवर राहू’ म्हणायला हवं होतं.”

मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, “एपिसोडची लिंक पाठव.”

पाठवतोय. भेटू पुढच्या भागात.