छत्री, वायर आणि आजीचं लोकल चॅनेल

गेल्या शनिवारी पाण्याच्या टाकीचं झाकण बघायला गच्चीवर गेलो होतो. कोपऱ्यात आमची डिश उभी. रंग उडालेला, बोल्टांना गंज, आणि आत कबुतरांनी थाटलेला संसार. ही डिश २००७ साली बसवली. त्या दिवशी घरात जो तमाशा झाला होता तो आठवला आणि म्हटलं, चला, या वीकेंडला हाच विषय. आता आमच्याकडे केबल जाऊन डिश कशी आली हे सांगायचं तर जरा मागे जावं लागेल. कंटाळा आला तर मधले दोन-तीन परिच्छेद खुशाल गाळा, मी तपासायला येणार नाही.

तुम्हाला काय वाटतं, भारतात आधी काय आलं? केबल की उपग्रह? मी बरीच वर्षं केबल असंच धरून चाललो होतो. साफ चूक. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ असं एक वर्ष नासाने आपला एटीएस-६ हा उपग्रह भारताला वापरायला दिला होता आणि इस्रोने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही बसवले. गावाला एक संच, आणि शेजारी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटर व्यासाची छत्री. शेती, आरोग्य, शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम असलं सगळं थेट आकाशातून. या प्रयोगाचं नाव साइट. आपला महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. म्हणजे बघा, ओरिसातल्या एखाद्या खेड्यात वीज जेमतेम पोचलेली, पण टीव्ही थेट उपग्रहावरून येतोय, मधे कोणी वायरवाला नाही, महिन्याचं बिल नाही. आणि पुणेकर मात्र सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे अँटेना वळवून मुंबईचं दूरदर्शन बघताहेत. वर्ष संपलं, उपग्रह ज्याचा त्याला परत गेला. घरोघरी थेट उपग्रह यायला त्यानंतर सत्तावीस वर्षं लागली. का लागली, हा खरा मजेशीर भाग आहे.

केबल जन्माला आली ती ऐंशीच्या दशकात, मुंबईच्या उंच इमारतींमध्ये. तिचा उपग्रहाशी काडीचा संबंध नव्हता. तळमजल्यावर कुणाच्या तरी खोलीत एक व्हीसीआर, त्यात कॅसेट, आणि तिथून जिन्याने वर चढत गेलेली वायर. रात्री नऊला हिंदी सिनेमा, तुमच्या घरात व्हीसीआर असण्याची गरज नाही. झाली केबल. मग जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झालं आणि सीएनएनवर ते थेट दिसतंय म्हणून मोठ्या हॉटेलांत छत्र्या लागल्या. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला, आणि २ ऑक्टोबर १९९२ ला झी. दोन्ही एशियासॅट-१ या एकाच उपग्रहावर.

आता इथे थोडं भौतिकशास्त्र, कारण सगळी गोम त्यातच आहे. एशियासॅटवरून सिग्नल यायचा सी-बँडमध्ये, म्हणजे साधारण ४००० मेगाहर्ट्झच्या आसपास. ३६,००० किलोमीटरवरून, अर्ध्या आशिया खंडावर पसरून आलेला हा सिग्नल इतका क्षीण असायचा की तो गोळा करायला आठ-दहा फुटांची छत्री लागायची. ती कोण आपल्या बाल्कनीत लावणार? आणि तेवढे पैसे कोणाकडे होते? मग ज्याच्याकडे आधीच व्हीसीआर आणि इमारतीभर वायर होती त्याने छत्री घेतली, आणि एक छत्री दोनशे घरांत वाटली. बास. भारतातलं केबलचं साम्राज्य हे असं उभं राहिलं. कोणी धोरण आखलं नाही, कोणी परवाना दिला नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी प्रॉडक्शनमध्ये गेलं, डिझाइन डॉक्युमेंट नंतर लिहिलं. कायदा आला तो १९९५ मध्ये, आणि त्यात केबलवाल्याने नोंदणी कुठे करायची? तर हेड पोस्टात. हो, पोस्टात! मनीऑर्डर आणि स्टार प्लस एकाच खिडकीच्या कक्षेत.

त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाचा एक मोठा निकाल आला. मूळ भांडण होतं १९९३ च्या हीरो कपचं. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला विकले आणि दूरदर्शन बिथरलं. त्या खटल्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलं की प्रक्षेपणाच्या लहरी ज्यावरून जातात ते आकाश ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. (तेच ते, निवृत्तीनंतर पुण्यात राहिलेले सावंत.) वाटलं असेल लोकांना, आता काय, आकाश मोकळं!

पण नाही. तोवर तंत्रज्ञान पुढे गेलं होतं. केयू-बँड, म्हणजे १२,००० मेगाहर्ट्झच्या आसपासची फ्रिक्वेन्सी, आणि देशापुरता एकवटलेला ताकदवान सिग्नल वापरला की छत्री दोन फुटांची पुरते, अगदी खिडकीच्या गजाला लावता येईल एवढी. वर डिजिटल कॉम्प्रेशन, त्यामुळे जिथे एक चॅनेल मावायचं तिथे दहा-बारा. स्टारने तशी सेवा आणायची जय्यत तयारी केली. आणि जुलै १९९७ मध्ये सरकारने एक अधिसूचना काढली: ४८०० मेगाहर्ट्झच्या वरचा सिग्नल पकडणारी उपकरणं परवान्याशिवाय बाळगायची नाहीत. किती चलाख आकडा आहे बघा! केबलवाल्याची मोठी छत्री ४८०० च्या खाली, ती चालेल. तुमची-आमची छोटी छत्री वर, ती बेकायदा. कार्यक्रम तेच, उपग्रहही तसेच, फक्त मधे वायर हवी. परकीय कंपनी थेट घराघरांत घुसेल ही भीती होती, आणि ती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण माझ्या मते खरी सोय ही होती की वायर कापता येते. आकाश कापता येत नाही.

बंदी उठली २००० च्या शेवटी. १० कोटी प्रवेश फी, परकीय भांडवलावर ४९ टक्क्यांची मर्यादा वगैरे अटी घालून. २००३ मध्ये डिश टीव्ही आला, डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची फुकट सेवा, ऑगस्ट २००६ मध्ये टाटा स्काय. आणि मार्च २००७ मध्ये आमचे बाबा.

आमचा केबलवाला म्हणजे एक स्वतंत्र लेख होईल. मी सहावीत असताना त्याने आमच्याकडे पहिली वायर ओढली, आंब्याच्या झाडावरून, समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून. तेव्हा तो स्वतः कॉलेजात होता. महिन्याच्या पाच तारखेला यायचा, वही काढायचा, आजी त्याला चहा द्यायची. ती त्याला नावाने कधी हाक मारायची नाही, "वायरवाला आला रे" असं ओरडायची. पैसे द्यायला उशीर झाला तर तो काही बोलायचा नाही, फक्त दोन दिवसांनी सोनी दिसेनासं व्हायचं. सगळा हिशेब तोंडी. कुणाकडे किती टीव्ही, कुणी शेजाऱ्याला चोरून जोडणी दिली, सगळं त्याच्या डोक्यात. वर चॅनेलवाल्यांना जोडण्या किती दाखवायच्या हा आणखी वेगळा हिशेब. तेव्हा देशभर हीच पद्धत होती: घरं पाचशे, कागदावर शंभर. चॅनेलवाले दर वाढवायचे, केबलवाले ते चॅनेल बंद करायचे, आणि मधे प्रेक्षक बोंबलायचा.

आमचं नेमकं तेच झालं. वर्ल्ड कपच्या तोंडावर दराचं भांडण लागलं, आणि मॅच दाखवणारं चॅनेल मुंग्या मुंग्या. बाबा खवळले. माझी नोकरी लागून तीन वर्षं झाली होती, मी म्हटलं मी देतो पैसे, घेऊन टाकू डिश. दोन पोरं आली, होकायंत्र घेऊन. आपले बहुतेक डीटीएच उपग्रह आपल्या पूर्वेच्या रेखांशांवर आहेत, त्यामुळे पुण्यात छत्री आग्नेयेकडे बघते. आमच्या आग्नेयेला नेमका आंबा. मग गच्चीच्या दुसऱ्या टोकाला भक्कम लोखंडी पाय पुरून डिश लावली. चित्र असं स्वच्छ, की आई म्हणाली, "या बाईच्या चेहऱ्यावर इतके डाग आहेत?"

आणि मग भारत १७ मार्चला बांगलादेशशी हरला, २३ ला श्रीलंकेशी, आणि आपण वर्ल्ड कपमधून बाहेर. डिश लागून दहा दिवस झाले होते. बाबांनी वर्षाचे पैसे आगाऊ भरले होते.

खरी बोंब मात्र आजीने मारली. तिचं चॅनेल कुठे गेलं? तुमच्यापैकी ज्यांच्या घरी तेव्हा केबल होती त्यांना आठवेल, केबलवाल्याचं स्वतःचं एक लोकल चॅनेल असायचं. खाली जाहिरातींची पट्टी सरकत असायची, शिकवण्या, साडी सेल, हरवलेलं कुत्रं. सकाळी आरती, रात्री पायरेटेड सिनेमा, आणि गणपतीत पेठांतली विसर्जन मिरवणूक. आजीचे गुडघे गेल्यापासून मानाचे पाच गणपती ती त्या चॅनेलवर बघायची. डिशवर दीडशे चॅनेलं, त्यात हे नाही. असणार कसं? ३६,००० किलोमीटरवरून काश्मीर ते कन्याकुमारी एकच सिग्नल पडतो, त्यात आमच्या गल्लीतलं हरवलेलं कुत्रं कुठून येणार! मी तिला हे समजावून सांगितलं. इंजिनियर होतो ना. ती म्हणाली, "मग त्या वायरवाल्याची वायर राहू दे की."

ती राहिली नाही. पाच तारखेला तो आला तेव्हा बाबांनी दारातच सांगितलं. तो म्हणाला, "काका, भांडण मिटलंय आता, उद्यापासून सगळं दिसेल." बाबा म्हणाले, पैसे भरून बसलोय. मी आत लॅपटॉप उघडून बसलो होतो, बाहेर आलो नाही. त्याने वहीत आमच्या नावावर रेघ मारली, आणि आजीने चहा आणला तो न पिता गेला. इमारतीत डिश लावणारे आम्ही पहिले. वर्षभरात आठातली पाच घरं गेली.

डिशचे गुण नंतर कळले. पहिल्याच वळवाच्या पावसात पडदा काळा. केयू-बँडची लाट पावसाच्या थेंबांत शोषली जाते, यात तक्रार करण्यासारखं काही नाही, छोट्या छत्रीची ती किंमत आहे. दुसरी गंमत २४ सप्टेंबर २००७ ला. टी-ट्वेंटीची फायनल, समोर पाकिस्तान, शेवटची ओव्हर, जोगिंदर शर्मा धावत येतोय. आणि आमच्या टीव्हीवर त्याच्या हातातून चेंडू सुटायच्या आधीच समोरच्या केबलवाल्या इमारतीतून आरडाओरडा, फटाके. मग आम्ही तीन-चार सेकंदांनी मिसबाहचा फटका आणि श्रीशांतचा कॅच निवांत बघितला. डिजिटल करून, दाबून, वर पाठवून, खाली उतरवून, उलगडून दाखवायला वेळ लागतो हो. ॲनालॉग वायर आपली धावत येते. आजी म्हणाली, "एवढे पैसे भरून शिळं बघतोय आपण."

त्या वर्षीच्या विसर्जनाला ती समोरच्या इमारतीतल्या तिच्या मैत्रिणीकडे गेली. दोन जिने उतरून, एक चढून, त्या गुडघ्यांनी. मी धरून नेलं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. केबललाही डिजिटल व्हावं लागलं, पुण्याची मुदत मार्च २०१३ ची होती. सेट टॉप बॉक्स आल्यावर वही गेली, कागदावरची शंभर घरंही गेली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायचे नवे दर आले आणि केबल काय, डिश काय, किंमत जवळपास सारखीच झाली. देशभरात डीटीएचची घरं २०२०-२१ च्या सुमारास सात कोटींच्या घरात पोचली होती, आता ती सहा कोटींच्याही खाली आली आहेत. आमचं रिचार्ज मी २०२२ मध्ये बंद केलं. आजी २०११ सालीच गेली होती. बाबा आता मॅच फोनवर बघतात, आणि ती डिशपेक्षाही उशिरा येते.

इंटरनेट कोणाचं, ते सांगायचं राहिलं. आमच्या केबलवाल्याचंच. लॉकडाउनमध्ये मला घरून काम करायला दणकट लाइन हवी होती, मीच फोन केला. नंबर आईच्या डायरीत 'वायरवाला' म्हणून होता. आता त्याचा मुलगा बघतो सगळं, ॲपवर पावती येते. पण जोडणीच्या दिवशी तो स्वतः आला होता, केस पांढरे झालेले. गच्चीवर फायबर कुठून ओढायची ते बघत फिरला, आंबा आता नाही, रस्तारुंदीत गेला. आमच्या डिशचा लोखंडी पाय हलवून बघितला आणि म्हणाला, "हा चांगला पक्का आहे, यालाच बांधतो."

परवा गच्चीवर बघितलं, ती काळी बारीक वायर अजून तिथेच आहे, डिशच्या पायाला दोन गाठी मारून.