सीरममध्ये असतं तरी काय?

जुन्या पाककृतींत एक शब्द हमखास भेटतो : 'अंदाजाने'. पेशी वाढवण्याच्या शास्त्रातही असा एक 'अंदाजाने' कित्येक वर्षं ठाण मांडून बसला होता. त्याचं नाव सीरम.

रक्त गोठल्यावर जो पिवळसर द्रव सुटतो, तो सीरम. शरीराबाहेर, काचेच्या बशीत पेशी वाढवायच्या तर तो घालायचाच. सगळ्यात जास्त चालतो तो कत्तलखान्यातल्या गाभण गाईच्या पोटातल्या, न जन्मलेल्या वासराचा. घातला की पेशी वाढतात, वगळला की बहुतेक मरतात. त्यातलं नेमकं काय लागतं, ते कुणाला धड सांगता येत नव्हतं. आणि एका खेपेचा सीरम दुसऱ्या खेपेसारखा नाही!

१९५५ साली हॅरी ईगल या अमेरिकन शास्त्रज्ञाने एकेक पदार्थ काढून पाहिला. १३ अमिनो आम्लं, ८ जीवनसत्त्वं, ग्लुकोज, क्षार अशी यादी झाली. गंमत म्हणजे त्यात ग्लुटामिनही होतं, जे आपलं शरीर स्वतःच बनवतं. बशीतल्या एकट्या पेशीला मात्र ते बाहेरूनच द्यावं लागतं. पण यादीच्या शेवटी थोडं सीरमातलं प्रथिन उरलंच. १९६५ मध्ये रिचर्ड हॅम यांनी हॅमस्टरच्या पेशी प्रथिनाशिवाय वाढवून दाखवल्या, तरी इतर बऱ्याच पेशी हट्टाला पेटलेल्या होत्या.

मग आले गॉर्डन साटो. त्यांचं म्हणणं, सीरम हे नुसतं अन्न नाही, त्यात निरोपही असतात, म्हणजे हार्मोन्स. १९७६ मध्ये इझुमी हायाशी आणि साटो यांनी सीरमऐवजी हार्मोन्स आणि लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन घालून पेशी वाढवल्या. त्याच वर्षी हॅम यांच्या गटाने मानवी पेशींना कणभर सेलेनियम लागतं हे दाखवलं. इन्सुलिन, ट्रान्सफेरिन, सेलेनियम हे त्रिकूट आज सीरमविरहित माध्यमांत सर्रास असतं.

मला थांबवतं ते साटोंचं पुढचं आयुष्य. दुसऱ्या महायुद्धात, शाळकरी वयात, जपानी वंशाचे म्हणून त्यांना कॅलिफोर्नियातल्या मांझानार छावणीत डांबलं होतं. त्याच छावणीचं नाव त्यांनी पुढे इरिट्रियातल्या आपल्या प्रकल्पाला दिलं. तिथे तांबड्या समुद्राच्या काठी, जिथे पावसाचं पाणी वाहून येई तिथेच तिवरं उगवत. कुणालाही वाटेल, गोड्या पाण्याचा गुण. साटोंनी विचारलं, त्या पाण्यातून येतं काय? नायट्रोजन, फॉस्फरस आणि लोह. तेवढं मुळाशी पुरवलं आणि उजाड किनाऱ्यावर तिवरं धरली. त्यांचा पाला गावातल्या शेळ्यामेंढ्यांना चारा झाला.

प्रश्न तोच होता, फक्त बशीच्या जागी समुद्र. वासराच्या रक्ताला पर्याय सापडला तो या प्रश्नामुळे, आणि शेळ्यांना चाराही. सीरम आजही अनेक प्रयोगशाळांत वापरतात. सगळ्या पेशींची यादी अजून पुरी झालेली नाही. तोवर कुणीतरी 'अंदाजाने'वर बोट ठेवून 'म्हणजे किती? म्हणजे काय?' असं विचारत राहायला हवं.