सोय आली, हमी मागे राहिली

आज ‘व्होल्टी’ची सोय असलेल्या मोबाइलवरून आपण नंबर लावतो, तेव्हा बटण दाबताच कंपनीच्या सर्व्हरकडे मजकुराचा एक कागद रवाना होतो. त्याच्या पहिल्या ओळीत ‘इन्व्हाइट’ हा शब्द असतो. इन्व्हाइट म्हणजे निमंत्रण. त्याखाली कोणाकडून, कोणाला, कोणत्या वाटेने अशा ओळी असतात. पलीकडून उत्तर येते, ‘१८०, रिंगिंग’. समोरच्याने फोन उचलला की ‘२००, ओके’. निमंत्रणपत्रिकेच्या या भाषेचे नाव ‘सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल’, थोडक्यात ‘सिप’.

कॉल फॉरवर्डिंग, कॉल वेटिंग, होल्ड, तिघांचे एकत्र बोलणे, आलेल्या फोनचा नंबर दिसणे या सोयी आपल्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत, की तारेच्या जगातून त्या संगणकाच्या जगात आणताना कोणाला काही अडचण आली असेल असे मनातही येत नाही. प्रत्यक्षात या स्थलांतराला दोन दशकांहून अधिक काळ लागला आणि ते अजून पुरे झालेले नाही. सोयी बहुतेक सगळ्या आल्या. मात्र प्रत्येक सोयीच्या पोटात कोणीही कधी न लिहिलेली एक हमी होती, ती मागे राहिली. फोनवरून होणाऱ्या फसवणुकीच्या बातम्यांचे एक मूळ तिथे आहे, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवातीला या सगळ्या सोयी एका माणसात होत्या. तो माणूस म्हणजे ऑपरेटर. मुंबईत १८८२च्या जानेवारीत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले, तेव्हा फोन ‘लागत’ नसे, कोणीतरी तो ‘जोडून’ देत असे. डॉक्टर घरी नाहीत, अमक्यांकडे व्हिजिटला गेले आहेत, हे लहान गावातल्या ऑपरेटरला ठाऊक असे आणि तो फोन तिकडे जोडून देऊ शके. आजच्या भाषेत हे कॉल फॉरवर्डिंग. लाइन गुंतलेली असली, तर ‘मोकळी झाली की कळवतो’ असे तो सांगू शके. हा झाला कॉलबॅक. ट्रंक कॉलच्या काळात ‘पीपी’, म्हणजे पर्टिक्युलर पर्सन कॉल नोंदवता येई. हवी ती व्यक्तीच फोनवर आली आहे याची ऑपरेटर खात्री करून घेई आणि मगच बोलण्याची मिनिटे मोजी. फोन तारेला नव्हे, माणसाला केलेला असे.

मग यंत्र आले. कॅन्सस सिटीत अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय असलेल्या आल्मन स्ट्राउजर यांना १८९१ साली स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळाले आणि पुढच्या वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी तसे एक्स्चेंज सुरू झाले. भारतातले पहिले स्वयंचलित एक्स्चेंज १९१३–१४ साली सिमल्याला बसले. लखनौ–कानपूर अशी पहिली एसटीडी सेवा १९६० साली सुरू झाली. ऑपरेटरची मध्यस्थी गेली, खाजगीपणा आला, वेग आला. पण यंत्राला माणूस ठाऊक नव्हता, त्याला फक्त तार ठाऊक होती. डॉक्टर कुठे आहेत हे आता कोणी सांगणार नव्हते.

यंत्राला पुन्हा थोडी समज आली ती ३० मे १९६५ रोजी. त्या दिवशी न्यू जर्सीतल्या सकासन्ना या गावी बेल कंपनीचे ‘नंबर वन ईएसएस’ हे एक्स्चेंज सुरू झाले. त्याचे वागणे तारांच्या जोडणीऐवजी स्मृतीत साठवलेल्या आज्ञावलीने ठरत असे. आज्ञावली बदलली की नवी सोय तयार. फॉरवर्डिंग, तिघांचे संभाषण, लांब नंबराऐवजी एकदोन आकडे फिरवण्याची युक्ती या सोयी या पिढीतल्या एक्स्चेंजांनी घरोघरी नेल्या.

घरातला फोन मात्र पूर्वीसारखाच अडाणी होता. त्याला दोनच गोष्टी करता येत. रिसीव्हर उचलणे किंवा ठेवणे आणि डायल फिरवणे. या दोन हालचालींत सगळ्या आज्ञा बसवायच्या होत्या. रिसीव्हर ठेवायची कळ क्षणभर दाबून सोडली की विजेचा प्रवाह तेवढा वेळ तुटतो. डायल फिरवतानाही प्रवाह तुटत असतो, पण अगदी थोडा वेळ. फार वेळ तुटला तर फोन ठेवला असा अर्थ होतो. या दोहोंमधल्या, साधारण अर्ध्या सेकंदाच्या खंडाला ‘फ्लॅश’ म्हणू लागले. फ्लॅश म्हणजे ‘थांब, मला काही सांगायचे आहे’. बटणांचे फोन १९६३ साली आले आणि १९६८च्या सुमारास त्यांवर स्टार आणि हॅश या दोन कळा वाढल्या. अमेरिकेत फॉरवर्डिंगसाठी स्टार ७२ दाबायचे. जुन्या डायलवर स्टार नव्हता, म्हणून तिथे ११७२ फिरवायचे.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. या रचनेत एक्स्चेंज हा एकमेव साक्षीदार होता. लाइन गुंतलेली आहे हे त्याला कळे, कारण तार त्याच्याकडेच येत असे. फोन कोणी केला हे त्याला कळे, कारण प्रवाह कोणत्या तारेतून वाहतो ते त्याला दिसे. तार कोणत्या घरात जाते याची नोंद त्याच्या वहीत होती. फोनला लागणारी वीजही तोच ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांमधून पुरवी, म्हणून गावातले दिवे गेले तरी फोन चाले. यातली एकही हमी सोय म्हणून विकली जात नव्हती. ती तांब्याच्या तारेतच होती.

ही हमी एकदा फुटली होती. लांबच्या कॉलचे इशारे बोलण्याच्याच वाटेवरून, सुरांच्या रूपाने जात. अमेरिकेत २६०० हर्ट्झचा सूर नेमका काढता आला की लांब पल्ल्याच्या लाइनवर ताबा मिळे. ‘ब्लू बॉक्स’ नावाच्या पेटीने फुकट फोन करणाऱ्यांची हकिकत ‘एस्क्वायर’ मासिकाने ऑक्टोबर १९७१च्या अंकात छापली आणि तो प्रकार सर्वतोमुखी झाला. या उणिवेवरचा उपाय म्हणजे इशाऱ्यांची वाट बोलण्याच्या वाटेपासून वेगळी करणे. १९८० साली प्रमाणित झालेली ‘सिग्नलिंग सिस्टिम नंबर ७’ याच तत्त्वावर उभी आहे. या दुसऱ्या वाटेवर फक्त टेलिफोन संस्थांना प्रवेश होता. बहुतेक देशांत ती सरकारी खाती होती. एकाने सांगितलेला नंबर दुसरा खरा मानी. हा ओळखीच्या घरांतला व्यवहार होता, तिथे कोणी दाखला मागत नसे.

इंटरनेटची घडण याच्या नेमकी उलट. तिथे मधले जाळे अडाणी असते आणि टोकाची यंत्रे शहाणी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९६ साली काढलेल्या ‘एच.३२३’ या प्रमाणावर टेलिफोनची छाप होती. त्याला पर्याय म्हणून कोलंबिया विद्यापीठाचे हेनिंग शुल्झरिने, मार्क हँडली, ईव्ह स्कूलर आणि जोनाथन रोझेनबर्ग यांनी वेब आणि ईमेलच्या धर्तीवर सिप रचले. मार्च १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि जून २००२ मध्ये त्याची सुधारित, आजही पायाभूत असलेली आवृत्ती आली. संकेतस्थळ सापडले नाही की दिसणारा ४०४ हा आकडा सिपमध्येही ‘असा कोणी इथे नाही’ याच अर्थाने येतो.

सिपमध्ये पत्ता पुन्हा माणसाचा झाला. आपण जिथे असू तिथले यंत्र आपल्या नावाने नोंदवायचे, म्हणजे निमंत्रण तिथे पोचते. स्ट्राउजरच्या यंत्राने घालवलेला पीपी कॉल शंभर वर्षांनी परत आला. मात्र त्यामुळे प्रत्येक जुनी सोय नव्याने विचारू लागली, हे ठरवायचे कोणी?

‘एंगेज’चेच पाहा. पूर्वी तार गुंतली की माणूस गुंतला. आता एका माणसाची तीन यंत्रे एकाच वेळी वाजू शकतात. म्हणून सिपमध्ये ४८६ म्हणजे ‘इथे गुंतला आहे’ आणि ६०० म्हणजे ‘सगळीकडेच गुंतला आहे’, अशी दोन उत्तरे करावी लागली. तिघांपैकी एका यंत्रावर फोन उचलला की बाकी दोघांना निमंत्रण रद्द झाल्याचा निरोप जातो. मग त्या दोन यंत्रांवर उगाचच मिस्ड कॉल उमटू लागले. त्यासाठी ‘फोन दुसरीकडे उचलला आहे’ असे कारण निरोपासोबत लिहिण्याची सोय २००२च्या अखेरीस करण्यात आली.

फॉरवर्डिंगमध्ये निराळाच पेच. मी माझे फोन तुमच्याकडे वळवले आणि तुम्ही तुमचे माझ्याकडे, तर निमंत्रण फिरतच राहील. म्हणून प्रत्येक निमंत्रणावर एक आकडा घालतात, शिफारस सत्तरची आहे. प्रत्येक मुक्कामावर तो एकाने कमी होतो आणि शून्य झाला की निमंत्रण पुढे जात नाही. होल्डसाठी आधी ‘माझा पत्ता ०.०.०.०’ असे खोटेच कळवायची युक्ती होती. पुढे ‘मी पाठवीन, पण घेणार नाही’ असे सरळ सांगता येऊ लागले. चालू फोन तिसऱ्याकडे सोपवण्यासाठी ‘रेफर’ हा नवा शब्द २००३ साली घडवावा लागला. होल्ड, फॉरवर्डिंग, ट्रान्सफर, पार्किंग अशा सोयी सिपमध्ये कशा करायच्या याचे नमुने देणारा दस्तऐवज २००८च्या ऑक्टोबरमध्ये निघाला. एक्स्चेंजमध्ये कळ दाबून जे होई, त्याला तिथे पानेच्या पाने पत्रव्यवहार लागतो.

शांततासुद्धा नव्याने घडवावी लागली. तारेवर नेहमी बारीक खरखर असे. संगणकी जोडणीत कोणी बोलत नसेल तर काहीच पाठवायची गरज नसते. पण पूर्ण शांतता पसरली की ऐकणाऱ्याला फोन तुटल्यासारखे वाटते. म्हणून ऐकणाऱ्याच्या बाजूला मुद्दाम हलकी खरखर तयार करतात. तिला ‘कम्फर्ट नॉइज’, म्हणजे दिलासा देणारा आवाज म्हणतात.

खरखर कृत्रिम करता आली, साक्ष करता आली नाही. २००५च्या सुरुवातीला ह्यूस्टनमध्ये एका घरात शिरलेल्यांनी आईवडिलांवर गोळ्या झाडल्या. मुलीने ९११ हा आणीबाणीचा नंबर लावला. घरात इंटरनेटचा फोन होता. ही सेवा इथून मिळणार नाही, असा ध्वनिमुद्रित निरोप तिला ऐकू आला. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने अशा कंपन्यांना ९११ची सोय सक्तीची केली. तरी प्रश्न उरलाच. तार घराचा पत्ता सांगे, इंटरनेटचा फोन कुठूनही बोलू शकतो. ग्राहकानेच पत्ता नोंदवायचा, असा तोडगा काढावा लागला.

सगळ्यांत महाग पडली ती ओळख. सिपच्या निमंत्रणात ‘कोणाकडून’ ही ओळ पाठवणाराच लिहितो, पाकिटावर प्रेषकाचे नाव लिहावे तशी. २००२ साली यावर उपाय निघाला, की कंपनीने ग्राहकाची खात्री करावी आणि तसे वेगळ्या ओळीत लिहावे. पण ती ओळ परस्परांवर विश्वास असलेल्या संस्थांपुरतीच खरी. पुढे स्वस्त इंटरनेट फोन देणाऱ्या असंख्य कंपन्या या जाळ्याला जोडल्या गेल्या आणि ओळखीच्या घरांचा व्यवहार भर बाजारात आला. पडद्यावर बँकेचा नंबर आणि बोलणारा भलताच, हे शक्य झाले. निमंत्रणावर कंपनीची डिजिटल सही असावी अशी ‘स्टर’ आणि ‘शेकन’ ही प्रमाणे त्यानंतर आली. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना ती ३० जून २०२१पर्यंत लागू करावी लागली. पण वाटेत कुठे जुन्या पद्धतीचे एक्स्चेंज लागले, की सही तिथेच गळून पडते.

आपल्याकडे हा प्रवास झपाट्याने झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने फक्त फोर-जीवर चालणारी सेवा आणली आणि इतर कंपन्याही व्होल्टीकडे वळल्या. जुन्या सवयी मात्र सोबत आल्या. दोन रिंग देऊन फोन ठेवायचा, म्हणजे ‘पोचलो’ असे फुकटात कळते, हा आपला मिस्ड कॉल. सिपच्या दृष्टीने ते निमंत्रण पाठवून मागे घेणे आहे. रिंग किती वेळ वाजावी यावरूनही कंपन्यांचे भांडण झाले, कारण अपुऱ्या रिंगनंतर समोरचा उलट फोन करी आणि त्याचे पैसे तेव्हा दुसऱ्या कंपनीला लागत. शेवटी ‘ट्राय’ने नोव्हेंबर २०१९ मध्ये मोबाइलला तीस सेकंद आणि लँडलाइनला साठ सेकंद असा नियम घातला. पूर्वी जे एक्स्चेंजच्या यंत्रात असे, ते आता राजपत्रात लिहावे लागले.

आणि १९६८च्या त्या स्टारच्या कळेचे काय झाले? ‘तुमच्या सिममध्ये बिघाड आहे, स्टार ४०१ स्टार लावून पुढे हा नंबर दाबा,’ असे सांगणारे भामटे निघाले. तसे केले की आपले फोन त्यांच्याकडे वळतात, त्यांत बँकेचा ओटीपी सांगणारा फोनही आला. यंत्राने आज्ञा बिनचूक पाळलेली असते, कारण आज्ञा मालकाच्याच हातून गेलेली असते. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४पासून अशा कोडांनी होणारे फॉरवर्डिंग पुढील आदेशापर्यंत बंद करायला लावले. डॉक्टरांचा फोन वळवण्यापूर्वी ऑपरेटर ज्या गोष्टीचा विचार करी, तो विचार सोयीबरोबर आलाच नव्हता.

जुन्या दिवसांसाठी गळा काढण्याचे कारण नाही. त्या हमीची किंमत मक्तेदारी आणि फोनसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी अशी होती. आजचा फोन स्वस्त आहे, सर्वांच्या हातात आहे. पण तारेने न मागता दिलेली साक्ष तारेबरोबर गेली, हे मान्य करायला हवे. यापुढे ती आपोआप मिळणार नाही. निमंत्रणाच्या मजकुरात ती लिहावी लागेल, तिच्याखाली कोणाला तरी सही करावी लागेल आणि सही खोटी निघाली तर जबाब कोणी द्यायचा, हे कायद्याला ठरवावे लागेल.