रुग्णाची ओळख : केवळ नाव पुरेसे नाही

बेंगळुरू : कन्नड नामपद्धतीत आडनावाऐवजी गावाची किंवा वडिलांच्या नावाची आद्याक्षरे लावण्याची प्रथा रूढ असल्याने येथील मोठ्या रुग्णालयात एकाच कक्षात दोन मंजुनाथ दाखल असणे नवलाचे नाही. अशा वेळी रक्त चढवताना झालेली अदलाबदल जिवावर बेतू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये जाहीर केलेल्या रुग्णसुरक्षेच्या नऊ उपायांत ओळखीच्या खातरजमेचा समावेश आहे. औषध, रक्त वा शस्त्रक्रियेपूर्वी, तसेच तपासणीचा नमुना घेताना पूर्ण नाव, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक यांपैकी किमान दोन बाबी जुळवणे अपेक्षित असते. खाटेचा क्रमांक ग्राह्य नाही. रुग्णाची खाट बदलते.

विचारण्याची रीतही महत्त्वाची. ‘तुम्ही मंजुनाथ ना?’ या प्रश्नावर गुंगीतला किंवा भाषा न समजलेला रुग्ण सहज मान डोलावतो. त्यामुळे नाव त्यालाच सांगू द्यावे लागते. निम्हान्ससारख्या मनोविकार व मेंदूविकारांच्या संस्थेत येणाऱ्या काही रुग्णांना तेही शक्य नसते. अशांच्या बाबतीत मनगटावरील पट्टी आणि नातेवाइकांकडून मिळालेली माहिती हाच आधार उरतो. नवजात बालकाच्या पट्टीवर आईचे नाव असते.

केंद्र सरकारचा 14 अंकी ‘आभा’ क्रमांक वेगवेगळ्या रुग्णालयांतील नोंदी जोडण्यासाठी असून तो ऐच्छिक आहे.